कागदाची कड

पिशोरला बसस्टँडजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी दोन वर्षं काम केलं. काम म्हणजे दिवसभर मुंडकी कापायची. वाढदिवस, निवड, सत्कार, दशक्रिया, काहीही असो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचे. त्यातला माणूस मागच्या भिंतीपासून, शेजारच्यापासून, कधी कडेवरच्या लेकरापासून सोडवायचा आणि प्रकाशझोतांच्या पार्श्वभूमीवर आणून बसवायचा. कोणाचं डोकं केवढं हे गिऱ्हाईक सांगायचं, आणि त्यावरून भांडणंही व्हायची. मालकांचा नियम मात्र एकच होता. कड दिसता कामा नये. "फेदर मार," ते मागून ओरडायचे, "कापल्यासारखं दिसतंय."

एकदा एक जण वडलांचा फोटो घेऊन आला. वडील नुकतेच गेले होते. एक फोटो आधार कार्डावरचा, दुसरा कुठल्याशा लग्नातला, ज्यात ते पंगतीत वाढताना अर्धेच दिसत होते. भिंतीवर लावण्यासारखा एकही फोटो घरात नव्हता. अशा वेळेसाठी आमच्याकडे धडांचं एक फोल्डर होतं. कोट घातलेलं धड, फेट्यासकट धड, खुर्चीत बसलेलं धड. मी आधार कार्डावरचा चेहरा उचलला, कोटवाल्या धडावर बसवला, मानेचा रंग जुळवला, कड पुसली. काम चांगलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन. फ्रेम न्यायला तो आईला घेऊन आला. तिने फोटो बराच वेळ पाहिला आणि मला म्हणाली, "लेकरा, तोंड त्यायचंच हाये. पन हे हात त्यायचे न्हाईत."

"हात कोन बघतंय माय," मुलगा म्हणाला. पैसे दिले, फ्रेम घेऊन गेले.

त्याच दिवसांत कधीतरी मोबाईलवर एक चित्र समोर आलं. खाली चित्रकाराचं नाव होतं, मोहन सामंत. चित्राचं नाव नव्हतं. आकृत्यांची गर्दी, जाड खरबरीत रंग, आणि त्या रंगावर कागदातून कापलेल्या आकृत्या चिकटवलेल्या. माझं पहिलं मत कामगाराचं होतं: याला कड पुसता येत नाही. मग दोन बोटांनी चित्र मोठं केलं. कडा चुकून राहिल्या नव्हत्या, ठेवल्या होत्या. कात्री जिथे वळली तिथे कागद वळला होता आणि ते वळण तसंच दिसत होतं. जी गोष्ट लपवण्याचे मला महिन्याला पैसे मिळत होते, ती हा माणूस उघड्यावर मांडून बसला होता.

मराठी घरात जन्मलेल्या या चित्रकाराबद्दल मराठीत फारसं बोललं जात नाही. सामंतांचा जन्म १९२४ चा, मुंबईतल्या गोरेगावचा. १९५२ मध्ये त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. तिथे शंकर पळशीकर त्यांचे शिक्षक. त्याच वर्षी ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले, म्हणजे सूझा आणि रझा देश सोडून गेल्यानंतर. १९५७-५८ मध्ये इटलीच्या शिष्यवृत्तीवर रोम, १९५९ ते १९६४ रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्क, मग चार वर्षं परत मुंबई, आणि १९६८ मध्ये कायमचं न्यू यॉर्क. २००४ मध्ये तिथेच ते गेले. त्यांचं 'ग्रीन स्क्वेअर' हे १९६३ चं चित्र न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. हे सगळं एका परिच्छेदात मावतं आणि यातून त्यांच्या कामाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून त्यांच्या टेबलाकडे वळू या.

ब्रशने आकृती काढताना दोन गोष्टी एकाच वेळी ठरतात. आकृती कशी असेल हे, आणि ती कुठे असेल हे. कॅनव्हासच्या डाव्या कोपऱ्यात बाई काढली की ती बाई डाव्या कोपऱ्याची झाली. ती उजवीकडे हवी असेल तर इथली खरवडायची आणि तिथे दुसरी काढायची. ती दुसरी, पहिली नव्हे, कारण हात तेच वळण दोनदा देत नाही. कागद कापला की हे दोन निर्णय सुटे होतात. आकृती आधी ठरते, कात्रीने, टेबलावर. जागा नंतर ठरते, हाताने सरकवत. ती इथे ठेवून पाहायची, तिथे ठेवून पाहायची, उलटी करायची, दुसरीच्या मागे अर्धी दडवायची, रात्रभर तशीच सोडून सकाळी पुन्हा यायचं. गोंद लागेपर्यंत ती आकृती चित्रात असते आणि नसतेही.

कागद चिकटवणाऱ्या प्रत्येकाला हे हाताने माहीत असतं. शाळेत चार्ट पेपरवर पानं-फुलं चिकटवणाऱ्या पोरालाही. पण जे. जे. मधून बाहेर पडलेल्या चित्रकारासाठी ही छोटी गोष्ट नव्हती. त्या शाळेचं सगळं शिक्षण मनगटाचं. रेषा एका झटक्यात, न अडखळता यायला हवी. पळशीकरांच्या पिढीने त्याला लघुचित्रांचा अभ्यास जोडला आणि रेषेचा मान आणखी वाढला. सामंतांची सुरुवातीची चित्रं लघुचित्रांच्या जवळची आहेत, त्यांच्या हाताला काय येत होतं ते त्यांत दिसतं. असा हात असलेल्या माणसाने कात्री घ्यायची म्हणजे आपली सगळ्यात भारी वस्तू गहाण ठेवायची. कात्रीला मनगटाची लय कळत नाही. ती रेषेला जाडी देत नाही, दाब देत नाही, शेपूट बारीक करत नाही. ती फक्त इकडचं आणि तिकडचं वेगळं करते.

मी असं मानतो की सामंतांना हेच हवं होतं. कागद त्यांना नवा परिणाम म्हणून नको होता, स्वतःच्या हातापासून सुटण्यासाठी हवा होता.

इथे जगातल्या दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. १९१२ मध्ये पिकासोने चित्रात वेताच्या विणीचा छापील ऑइलक्लॉथ चिकटवला आणि भोवती दोरीची चौकट लावली. त्याच वर्षी ब्राकने लाकडाची नक्कल छापलेला भिंतीचा कागद चिकटवला. तिथे बाहेरचं जग आत आलं. सामंत पहिल्यांदा न्यू यॉर्कला पोचले तेव्हा राउशेनबर्ग स्वतःची उशी आणि गोधडी चित्र म्हणून भिंतीवर लावून मोकळा झाला होता. म्हणजे बाहेरच्या वस्तू आत आणण्याचा तमाशा त्या शहरात जोरात चालू होता. सामंतांनीही वाळू घेतली, तार घेतली. पण त्यांच्या कागदी आकृत्या बाहेरून आलेल्या नाहीत. त्या त्यांनीच कापल्या. हे नीट पाहिलं पाहिजे. ते स्वतःचीच आकृती कापून वेगळी करतात आणि मग तिला परक्यासारखी चित्रात परत आणतात. आपल्याच घरातला माणूस पाहुणा म्हणून दारात उभा करावा तसं. मातिसच्या कागदकामाशी त्यांची तुलना लोक सहज करतात. आजारपणानंतर मातिसने रंगवलेले कागद कात्रीने कापले, १९४७ चं 'जॅझ' हे पुस्तक त्यातूनच आलं. पण मातिसची आकृती एकटी असते, तिच्याभोवती मोकळी हवा असते. सामंतांची गर्दीत असते. तिला धक्के बसतात. तिच्या खाली कोणीतरी अर्धवट दबलेलं असतं.

आणि ती सपाट जमिनीवर उभी नसते. सामंतांच्या चित्रात आकृतीच्या आधी पृष्ठभाग तयार होतो. रंगाचे जाड थर, त्यात वाळू, ते खरवडणं, पुन्हा थर. इजिप्तच्या थडग्यांतली भित्तिचित्रं, आदिमानवाच्या गुहांमधली चित्रं यांच्याकडे ते परत परत गेले, याचं कारण मला विषयात कमी आणि भिंतीत जास्त दिसतं. जिथे भिंत आधीच काहीतरी असते आणि चित्र नंतर येतं.

ही गोष्ट आमच्या कन्नड तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पितळखोऱ्याला पायऱ्या उतरून खाली गेलं की चैत्यगृहाचे जे खांब दिसतात ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. त्यांच्यावर दान देणाऱ्या पैठणकरांचे लेख कोरलेले. मग कित्येक शतकांनी, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, कोणीतरी त्याच खांबांवर गिलावा चढवून बुद्ध रंगवले. आता रंगही बराच गेलाय. मी पावसाळ्यात गेलो होतो, खाली धबधब्याचा आवाज, आणि एका खांबावर तीन गोष्टी एकाच वेळी दिसत होत्या: दगड, गिलावा, रंग. कोणी कोणाला पुसून टाकलं नव्हतं. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात तर याहून गंमत आहे. तिथे इसवी सनापूर्वीची चित्रं आहेत, त्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी खांबांवर काढलेली आकृती आहे, आणि तिच्यावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज घोडदळाच्या अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली आहे. ती कोरलेली सही निषेधार्ह आहेच. तरी त्या खांबावर आज ती चित्राचाच एक थर झाली आहे, तिच्याशिवाय तो खांब आता पाहता येत नाही.

लेणी कोलाज नव्हेत. कोणी ठरवून केलेली रचना नाही ती. पण एका पृष्ठभागावर अनेक काळ एकमेकांना न पुसता राहू शकतात, हे तिथे आधीपासून होतं. सामंतांनी तेच एका आयुष्यात, एका कॅनव्हासवर, ठरवून केलं. वाळूचा थर एका दिवसाचा, कापलेली आकृती दुसऱ्या दिवसाची, तिच्यावरून मारलेला रंग तिसऱ्या दिवसाचा. कड उघडी असल्यामुळे कोण आधी आलं आणि कोण नंतर हे दिसत राहतं. फेदर मारला की सगळे एकाच दिवशी आल्याचं भासतं. माझ्या फ्लेक्सवर तालुक्यातले सगळे नेते एकाच वेळी एकाच प्रकाशात हसत असतात.

आता सामंतांच्या बरोबरीने एक दुसरं नाव घेतलंच पाहिजे, कारण तेही १९२४ चंच आहे. वासुदेव गायतोंडे. नागपूरला जन्मलेले, मूळ गोव्याचे, गिरगावात वाढलेले. १९४८ ची जे. जे. ची पदविका, १९५० मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुप, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्क. एकाच वर्षी जन्म, एकच शाळा, एकच गट, एकच शिष्यवृत्ती, एकच शहर. आणि चित्रं अशी की एकाची भरून वाहणारी, दुसऱ्याची जवळजवळ रिकामी.

गायतोंड्यांना आपण ओळखतो ते कोटींवरून. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं १९७९ चं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा त्या बातमीत ऐकलं, मीसुद्धा. त्यानंतर ते ऋषी, मौनी, झेन वगैरे झाले. वर्षाला मोजकी पाच-सहा चित्रं, बाकी वेळ नुसतं बसून पाहणं, ही गोष्ट आपण एवढ्यांदा ऐकली आहे की त्यांचं चित्र जणू ध्यानातून वाफेसारखं आपोआप कॅनव्हासवर उतरायचं असं वाटू लागतं.

चित्र आपोआप उतरत नाही. गायतोंडे रोलर वापरत. पॅलेट नाइफ वापरत. आणि कागद वापरत. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद कापून-फाडून ते ओल्या रंगावर ठेवायचे, दाबायचे, आणि उचलायचे. कागद उचलताना काही रंग सोडतो, काही घेऊन जातो. मागे जो आकार राहतो तो ब्रशने काढलेला नसतो. त्यांच्या मोठ्या चित्रांत मधोमध तरंगणारे, कुठल्यातरी विसरलेल्या लिपीतल्या अक्षरांसारखे जे आकार दिसतात, त्यांचं एवढं न काढल्यासारखं दिसणं तिथून येतं. २०१४-१५ मध्ये न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं जे मोठं प्रदर्शन झालं त्याच्या शीर्षकातच प्रक्रिया हा शब्द होता. आपल्याकडे त्या प्रदर्शनाचा अभिमान पोचला, हा शब्द पोचला नाही.

म्हणजे गायतोंडेही कोलाजच करत होते, फक्त कागद शिल्लक ठेवत नव्हते. सामंतांकडे कागद येतो आणि राहतो. गायतोंड्यांकडे येतो, काम करतो, निघून जातो. आकार ठरवणं वेगळं आणि जागा ठरवणं वेगळं, हे दोघांकडे आहे. गायतोंड्यांकडे त्यात तिसरा निर्णय येतो, कधी उचलायचं. रंग फार ओला असेल तर आकार पसरतो, फार सुकला तर कागद चिकटून फाटतो. वर्षभरात पाच-सहा चित्रं का, याचं एक उत्तर इथेही असेल.

दोघांनाही मनगटापासून सुटायचं होतं. पण गायतोंड्यांनी सुटकेचा मार्ग झाकला. चित्रासमोर उभं राहिलं की कागद आठवत नाही, प्रकाश आठवतो. सामंतांनी तो मार्गच चित्र म्हणून ठेवला. मला दोन्ही पटतं, पण सारखं नाही. गायतोंड्यांच्या चित्रासमोर मी शांत होतो आणि त्या शांततेवर मला थोडा संशय येतो. ती फार चटकन मिळते. पंचतारांकित हॉटेलच्या लॉबीतही मिळेल. दोष चित्राचा नाही, पण चित्राने स्वतःची मेहनत एवढी पुसली आहे की तिला कोणीही सजावट करून टाकू शकतं. सामंतांच्या चित्राला लॉबीत लावा, ते तिथल्या सोफ्याशी भांडेल.

सामंतांचंही सगळंच जमलेलं नाही. काही चित्रं नुसती भरलेली आहेत. एक आकृती परकी होऊन आत येते तेव्हा चित्रात काहीतरी घडतं, वीस आकृत्या एकदम येतात तेव्हा जत्रा होते. पुढच्या काळात त्यांनी तारेने रेखाचित्रं केली आणि ती रंगवलेल्या पृष्ठभागावर बसवली. तारेची रेषा स्वतः उभी राहते, तिची सावली खाली पडते, एका रेषेच्या दोन होतात. कल्पना देखणी आहे. पण काही ठिकाणी तार नुसती हुशारी दाखवते. वळलेली तार पाहून 'वा' म्हणायचं आणि पुढे जायचं. कागदाची कड जशी प्रश्न विचारते तशी ती विचारत नाही. कदाचित तारेबरोबर त्यांचं जुनं मनगट मागच्या दाराने परत आलं असेल.

एक गोष्ट मात्र तारेमुळेच मला सुचली. सामंत सारंगी वाजवायचे, हौसेपुरती नाही, आयुष्यभर रियाज करून. सारंगीत वाजवायच्या तारा तीनच, तातीच्या. त्यांच्या खाली तीसहून अधिक तरफा असतात, ज्यांना गज लागतच नाही. वरची तार वाजली की त्या आपोआप घुमतात. चित्राची संगीताशी तुलना करणारे लेख मी सहसा अर्धवट सोडतो. तरी हा माणूस रोज काही तास अशा वाद्याबरोबर बसत होता ज्याचा अर्धा आवाज न छेडलेल्या तारांमधून येतो, हे विसरून त्याच्या चित्रातले दबलेले, झाकलेले, कडेने थोडेसे दिसणारे थर पाहता येत नाहीत. खालचा थर वाजवलेला नाही. पण तो घुमतोय.

मग हा चित्रकार आपल्यापर्यंत का पोचला नाही? सोपं उत्तर म्हणजे तो १९६८ मध्ये निघून गेला. पण रझाही गेले, सूझाही गेले, ते पोचले. दुसरं उत्तर म्हणजे मराठीत त्याच्यावर लिहिलं गेलं नाही. हे खरं आहे. प्रभाकर बरवे आपल्या ओळखीचे आहेत त्यात त्यांच्या 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. गायतोंड्यांसाठी 'चिन्ह'ने मराठीत वर्षानुवर्षं मजकूर गोळा केला. सामंतांवरचं मोठं पुस्तक इंग्रजीत, तेही ते गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं.

माझं उत्तर वेगळं आहे, आणि ते तुमच्या हातातल्या फोनबद्दल आहे. गायतोंड्यांचं चित्र अंगठ्याएवढं झालं तरी ओळखू येतं. उभा आयत, एकाच रंगाचा उजेड, मधे तरंगणारे आकार. स्क्रोल करताना अर्ध्या सेकंदात कळतं. सामंतांचं ओळखू येत नाही. त्यांच्याकडे ठरलेली एकच शैली नाही. जलरंग, वाळू, कागद, तार, अमूर्त, आकृतिप्रधान, सगळं आहे आणि अनेकदा एकाच चित्रात आहे. बाजाराला चित्रकाराचा चेहरा लागतो. यांनी तो दिला नाही. आजच्या चित्रकार पोरा-पोरींना हे नव्याने सांगायला नको. पेज काढलं की पहिला सल्ला मिळतो तो एकच पॅलेट, एकच स्टाइल, ग्रिड एकसारखी दिसली पाहिजे. माझी एक मैत्रीण फार चांगली कागदकामं करते. तिने गेल्या वर्षी अर्धी कामं पेजवरून काढून टाकली, कारण ती 'तिच्यासारखी' दिसत नव्हती. मला त्यातलीच जास्त आवडायची.

दुसरी अडचण याहून साधी आहे. फोनच्या काचेला कड कळत नाही. चिकटवलेल्या कागदाला जाडी असते. बाजूने उजेड आला की त्याची केसाएवढी सावली पडते, आणि आपण चित्रासमोर एक पाऊल डावीकडे सरकलो की ती सावलीही सरकते. फोटोत ती एका जागी गोठते आणि रंगवलेल्या रेषेसारखी दिसू लागते. म्हणजे कॅमेरा स्वतःच फेदर मारतो. मी त्या पहिल्या चित्रात ज्या कडा पाहिल्या, त्यांतल्या निम्म्या मी फक्त सवयीमुळे ओळखल्या. दिवसाला शंभर कडा पुसणाऱ्याला पुसलेली कडही दिसते. दुसऱ्या कोणाला ते रंगवलेलं चित्रच वाटलं असतं, आणि थोडं गबाळंही.

आपल्या फोनमध्ये कोलाज नावाचं एक बटण असतं. चार फोटो चार चौकटींत बसतात, मधे पांढरी पट्टी. आठवणींचं कोलाज, सहलीचं कोलाज. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचं मूळ चिकटवणं असं आहे. चौकटींत काहीच चिकटत नाही. कोणी कोणाला झाकत नाही, कोणी कोणावर बसत नाही, प्रत्येकाला आपापली खोली. सामंतांच्या चित्रात एका आकृतीला जागा द्यायची तर दुसरीची थोडी घ्यावी लागते, आणि घेतलेली जागा दिसते.

लिहिताना मला वाटलं की गायतोंड्यांची पद्धत स्वतः करून पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नये. कन्नडहून घर रंगवायचा छोटा रोलर आणला, हार्डबोर्डच्या तुकड्यावर पिवळ्या मातकट रंगाचा ऑइल पेंट फिरवला, जुनं वर्तमानपत्र फाडून त्यावर ठेवलं, दाबलं. पहिल्यांदा लवकर उचललं, नुसता चिखल झाला. दुसऱ्यांदा जेवायला गेलो आणि उशीर केला, कागद निम्मा तिथेच राहिला. तो राहिलेला निम्मा खरवडायचा म्हणून बसलो आणि मग खरवडला नाही. त्यावरून पातळ रंग फिरवला, खालून बाजारभावाचे आकडे दिसत राहिले. गायतोंडे करायला गेलो आणि सामंतांकडे पोचलो, तेही जेवणामुळे. तिसऱ्यांदा मात्र जमलं. कागद उचलला तेव्हा मागे एक फिकट आकार राहिला जो मी काढला नव्हता आणि माझ्या हाताने कधी काढलाही नसता. त्यात छापील शाईची दोन-तीन अक्षरं उलटी उतरली होती. ती मी पुसली नाहीत. गायतोंड्यांनी बहुधा पुसली असती.

फ्लेक्सचं दुकान मी सोडलंय. गेल्या दिवाळीत एका कामासाठी त्या आजींच्या घरी जाणं झालं. फ्रेम ओट्यावरून आत शिरल्यावर समोरच्याच भिंतीवर आहे. माझं काम ओळखायला वेळ लागला नाही. कोट, खुर्ची, मानेशी जुळवलेला रंग, कड कुठेही दिसत नाही. चंदनाचा हार फोटोला नेहमी वरच्या दोन कोपऱ्यांवरून घालतात. इथे तो खालच्या बाजूला, आडवा, दोन खिळे मारून लावलाय. दोन्ही हात त्याच्या मागे आहेत.